निळ्या उजेडातलं प्रवाळ आणि टेफ्लॉनची पट्टी

"बाबा, ही आपली टाकी नाहीच."

मुलीने फोनवरचा फोटो बघितला, मान वर करून टाकी बघितली, पुन्हा फोटो बघितला आणि निकाल देऊन टाकला. तिचं बरोबर होतं. समोर आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, जिथे आम्ही जिवंत प्रवाळ म्हणजे कोरल सांभाळतो, टॉर्च कोरलची हिरवी बोटं डुलत होती, टोकांना पोपटी झाक होती. त्याच्या खाली झोअँथसचा पुंजका, नारिंगी तबकड्या आणि कडेने हिरवी झालर. शेजारच्या दगडावर अ‍ॅकॅन, म्हणजे मरून रंगाची जाड गादी आणि तिच्यात राखी-हिरवी तोंडं. फोटोत यातलं काही म्हणजे काही नव्हतं. वाळूपासून पाण्याच्या रेघेपर्यंत एकच निळा लेप फासल्यासारखा दिसत होता आणि टॉर्चच्या जागी पांढरट निळा डाग होता.

मला तो फोटो भिंतीवर लावायचा नव्हता. त्या आठवड्यात अ‍ॅकॅन जरा वेगळं वाटत होतं, नेमकं काय ते सांगता येत नव्हतं. माझ्याहून कितीतरी जास्त वर्षं रीफ टाकी सांभाळणाऱ्या एका मित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "अरे, यावरून काय सांगू? कोरल फिकं पडलंय की फोटोच तसा आलाय?"

हा प्रश्न मनातून जाईना. प्रवाळाला काही होत असेल तर आपल्याला ते कळण्याची वाट बहुतेक वेळा रंगातूनच जाते. पोषकद्रव्यं वाढली की अ‍ॅक्रोपोरा हे प्रवाळ तपकिरी पडतं, उजेड जास्त झाला की कोरल फिकटतं, ऊतींमधलं शेवाळ निघून गेलं की खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. रोज बघणाऱ्याला हे बदल जाणवत नाहीत, कारण ते रोज कणाकणाने होतात. महिन्यापूर्वीचा फोटो शेजारी ठेवला तरच कळतं. पण त्या फोटोतला रंग खरा हवा. तिथून पुढचे जवळजवळ चार महिने माझ्या संध्याकाळी यातच गेल्या.

आधी उजेडाबद्दल सांगतो, कारण सगळं तिथेच सुरू होतं. माझ्या टाकीवरचे दिवे संध्याकाळी जवळपास पूर्ण निळे असतात. मुख्य चॅनेल, म्हणजे एका रंगाच्या एलईडींचा गट, रॉयल ब्लू, म्हणजे साधारण ४५० नॅनोमीटर. त्याच्या जोडीला ४०० ते ४२० नॅनोमीटरचा जांभळा. पांढरा चॅनेल नावापुरता. हे केवळ शोभेसाठी नसतं. समुद्राचं पाणी लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच गिळून टाकतं आणि निळा खोलवर जातो. त्यामुळे प्रवाळाच्या ऊतींत राहणारं सूक्ष्म शेवाळ, झूझँथेली, निळ्या प्रकाशावर जगायला सरावलेलं असतं. शिवाय प्रवाळात चमकणारी प्रथिनं असतात. ती निळा प्रकाश शोषून घेतात आणि हिरवा, नारिंगी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. या कुळातलं सगळ्यात प्रसिद्ध हिरवं प्रथिन १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळं केलं गेलं आणि त्यावरच्या कामासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल ओसामु शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर चेन यांना मिळालं. ते प्रथिन ५०९ नॅनोमीटरच्या आसपास हिरवं चमकतं. टॉर्चच्या बोटांमध्ये दिसणारा हिरवा त्याच घराण्यातला.

म्हणजे संध्याकाळी टाकीत दोन वेगवेगळे उजेड असतात. एक वरून पडणारा प्रखर निळा, दुसरा प्रवाळाच्या अंगातून निघणारा मंद हिरवा-नारिंगी. आपले डोळे निळ्याची सवय करून घेतात. निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी हळूहळू आपली संवेदना कमी करतात, मग मागचा मंद हिरवा पुढे येतो. रंगदृष्टीचे अभ्यासक योहानेस फॉन क्रीस यांनी १९०२ मध्ये याचा साधा हिशेब मांडला होता: प्रत्येक प्रकारच्या पेशीचा प्रतिसाद आपापल्या प्रमाणात वरखाली होतो. कॅमेऱ्याला असं काही करता येत नाही. त्याला जेवढा निळा मिळतो तेवढा तो नोंदवतो.

त्यात सेन्सरची रचनाही आपल्या बाजूने नसते. बहुतेक कॅमेऱ्यांत बेयर पद्धतीची रंगीत फिल्टरांची जाळी असते, तिचं पेटंट १९७६ चं. चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. निळ्या टाकीसमोर कॅमेरा धरला की त्या चारांतला एकच पिक्सेल उजेडाने ओसंडून वाहतो आणि उरलेले तीन जवळपास अंधारात बसतात. हे मला नीट समजलं तेव्हा टॉर्चच्या जागी पांढरट डाग का आला ते कळलं. कॅमेऱ्याने सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड मोजला, तो त्याला कमी वाटला, म्हणून त्याने एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर घ्यायचा उजेड, वाढवलं. निळ्याची वाटी तर आधीच भरलेली होती. भरून वाहिल्यावर बारकावे कुठून राहणार?

फोन बाजूला ठेवला आणि जुना कॅमेरा, १०० मिमीची मॅक्रो लेन्स आणि ट्रायपॉड बाहेर काढला. पहिला बदल एवढाच केला की रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद जपणाऱ्या फाइलमध्ये, फोटो काढायला लागलो आणि एकत्र हिस्टोग्रामऐवजी, म्हणजे उजेडाच्या एका आलेखाऐवजी, तीन रंगांचे वेगळे हिस्टोग्राम बघायला लागलो. एकत्र हिस्टोग्राम अगदी ठीकठाक दिसत होता. निळ्याचा मात्र उजव्या भिंतीला, म्हणजे कमाल उजेडाच्या टोकाला, चिकटून उभा होता. एक्स्पोजर दीड स्टॉप खाली आणलं तेव्हा तो भिंतीपासून सुटला. पडद्यावर फोटो काळोखा दिसतो, मन घाबरतं, पण टॉर्चच्या बोटांवरच्या बारीक रेघा पहिल्यांदा दिसल्या त्या याच काळोख्या फोटोत. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम रॉ फाइलचा नसतो, कॅमेऱ्याने आतल्या आत तयार केलेल्या जेपीईजीचा असतो, हेही इथे लक्षात ठेवावं लागतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कशाला पांढरं धरायचं ते कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग, बदलला की हिस्टोग्राम हलतो. म्हणून मी व्हाइट बॅलन्स एका जागी बांधून टाकला आणि हिस्टोग्रामवरूनच अंदाज घ्यायची सवय केली.

मग आला केल्विनचा, म्हणजे व्हाइट बॅलन्सच्या आकड्याचा प्रश्न. माझ्या कॅमेऱ्यात आकडा १०,००० पर्यंत जातो. तिथे नेला तरी टाकी निळीच. संगणकावर लाइटरूममध्ये रॉ फाइल उघडली, तिथे पट्टी ५०,००० पर्यंत सरकते. शेवटपर्यंत सरकवली. निळा थोडा उतरला, गेला नाही. बरेच दिवस वाटत होतं की मी काहीतरी चुकतोय. मग कारण सापडलं. केल्विनची मोजपट्टी तापलेल्या वस्तूच्या प्रकाशावर बेतलेली आहे. वस्तू जितकी तापेल तितका तिचा प्रकाश निळसर होत जातो, पण त्यालाही शेवट आहे. तापमान अनंतापर्यंत नेलं तरी त्या वस्तूचा प्रकाश फिकट निळाच राहतो, रॉयल ब्लू एलईडीइतका गडद निळा कधीच होत नाही. आपला दिवा त्या मोजपट्टीवर बसतच नाही. मग आकडा कितीही ओढा, तो तिथे पोचणार नाही. हे कळल्यावर त्या पट्टीशी झगडणं मी सोडून दिलं.

आता पाळी ग्रे कार्डची. पाण्यात चालणारं करड्या प्लास्टिकचं कार्ड टाकीत, अ‍ॅकॅनच्या शेजारी उभं केलं आणि कॅमेऱ्याला सांगितलं की यावरून व्हाइट बॅलन्स घे. त्याने नकार दिला, पडद्यावर चुकीची खूण आली. मग रॉ फाइलमध्ये त्याच कार्डवर रंग उचलणारा ड्रॉपर टेकवला. सॉफ्टवेअरने आज्ञा पाळली. निळा दाबला, लाल अनेक पटींनी वाढवला आणि कार्ड करडं करून दाखवलं. बाकीच्या टाकीची दशा बघवत नव्हती. लाल चॅनेलमध्ये मुळात उजेडच नव्हता, त्यामुळे वाढला तो दाणेदार गोंगाट. टॉर्च केशरी झालं. झोअँथसच्या नारिंगी तबकड्या निखाऱ्यासारख्या पेटल्या. वाळू अगदी पांढरी. मी फोटो बघितला, टाकी बघितली आणि मुलीचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं.

त्यात आणखी एक खोट होती. त्याआधी एकदा मी कार्डऐवजी लॅमिनेट केलेला साधा पांढरा कागद वापरला होता. पांढऱ्या कागदात, कपड्यांच्या साबणात, बऱ्याच प्लास्टिकमध्ये उजळपणासाठी एक द्रव्य घातलेलं असतं. ते जांभळा प्रकाश शोषून निळा बाहेर टाकतं. माझ्या टाकीवर ४०० ते ४२० नॅनोमीटरचा चॅनेल आहे, म्हणजे तो कागद स्वतःच चमकत होता. ज्याच्यावर विसंबून रंग मोजायचा तोच उजेड देत असेल तर मोजमाप कसलं! पर्याय घरातच निघाला, नळाच्या जोडावर गुंडाळतात ती टेफ्लॉनची पांढरी पट्टी. टेफ्लॉन सगळ्या दृश्य रंगांना जवळपास सारखंच परतवतं, स्वतः चमकत नाही आणि खाऱ्या पाण्यात त्याला काही होत नाही. कोरलचे तुकडे ज्या चिनी मातीच्या बुंध्यावर चिकटवतात तसा एक रिकामा बुंधा घेतला, त्यावर पट्टीचे पाच-सहा थर गुंडाळले आणि दगडाच्या खाचेत रोवला. आजही तो तिथेच आहे. त्यावर शेवाळाचा पापुद्रा येतो, म्हणून फोटोच्या आदल्या दिवशी वरचे थर काढून नवे चढवतो.

पण संदर्भ चांगला मिळाला तरी वर सांगितलेली अडचण सुटली नव्हती. पट्टी पूर्ण करडी केली की चित्र खोटं होतं. विचार करत टाकीसमोर बसलो असताना एकदम एक साधी गोष्ट लक्षात आली: ही पट्टी मला स्वतःलाही पांढरी दिसत नाहीये. पंधरा मिनिटं अंधाऱ्या खोलीत टाकीकडे बघत बसलो तरी ती निळसरच दिसते. डोळे निळ्याशी जुळवून घेतात खरे, पण इतक्या गडद रंगाशी पूर्ण जुळवून घेत नाहीत. निम्म्याहून जास्त वाट चालतात आणि थांबतात. मग फोटोत ती पांढरी असणं ही चूकच. फोटोत ती तेवढीच निळसर हवी जेवढी मला दिसते. इतके दिवस मी कॅमेऱ्याला जे विचारत होतो ते मुळात माझ्या डोळ्यांना विचारायचं होतं.

हे कळूनही मी आधी आडवाटेला गेलो, आणि ती आडवाट सांगायलाच हवी, कारण ती फार मोहात पाडणारी आहे. लेन्ससमोर गडद नारिंगी फिल्टर लावायचा. तो वरून पडणारा निळा जवळपास सगळा अडवतो आणि प्रवाळाचा स्वतःचा उजेड तेवढा आत सोडतो. पहिला फोटो बघून मी खुर्चीत सरळ झालो. काळ्या पार्श्वभूमीवर पाचू आणि माणकं. दगडांवर मंद, गडद लाल साय पसरलेली, जी डोळ्यांना कधी दिसली नव्हती. ते शेवाळातलं क्लोरोफिल होतं, निळ्या उजेडात तेही लाल चमकतं. सगळ्यात देखणं दिसत होतं अ‍ॅकॅन. कडा पेटलेल्या, तोंडं हिरवीगार. मित्राला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "झकास आहे की! उगाच काळजी करत होतास."

चार दिवसांनी टाकी साफ करायला दिवसा पांढरा चॅनेल पूर्ण वाढवला आणि अ‍ॅकॅनकडे बघून हात थांबला. मरून गादी फिकट गुलाबी झाली होती. एका बाजूला तर ऊतींच्या आतून सांगाड्याच्या उभ्या पाती दिसत होत्या, कापडातून हाडं दिसावीत तशा. ते रंग गमावत होतं आणि मी त्याच्या देखणेपणाचे फोटो पाठवत होतो.

असं का होतं त्याचं उत्तर संशोधनात आहे. प्रवाळ विरंजित होताना, म्हणजे रंग गमावून पांढरं पडताना, शेवाळ निघून जातं, पण चमकणारी प्रथिनं राहू शकतात, कधी कधी तर वाढतात. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये यामागची साखळी मांडली. शेवाळ गेलं की प्रकाश गिळणारं कोणी उरत नाही, पांढरा सांगाडा तो आतल्या आत परतवत राहतो, ऊतींमधला निळा प्रकाश वाढतो आणि त्याच्या चेतनेने प्रवाळ आणखी रंगद्रव्य बनवतं. समुद्रात काही ठिकाणी विरंजनाच्या वेळी प्रवाळ पांढरं पडण्याऐवजी झगझगीत रंगांचं दिसतं ते यामुळे. माझा नारिंगी फिल्टर नेमकी तीच चमक वेचून दाखवत होता आणि शेवाळाच्या तपकिरीपणाचा परतणारा रंग, जो मला बघायचा होता, तो गाळून टाकत होता. ब्लू टँग माशाकडे मी लक्ष दिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. भर निळ्या रंगाचा तो मासा त्या फोटोत राखेच्या रंगाचा आला होता. फिल्टरने निळाच काढून घेतल्यावर निळा मासा कशाने निळा दिसेल?

म्हणून नारिंगी फिल्टरचे फोटो बघून कोरल निवडणाऱ्या प्रत्येकाला मी आता कळकळीने सांगतो: पांढऱ्या उजेडातला एक फोटो मागा. चमक बघून तब्येत कळत नाही.

त्याच दिवशी अ‍ॅकॅन वरच्या दगडावरून काढून खाली, कपारीच्या सावलीत नेऊन ठेवलं. या जातीला मुळात मध्यम ते कमी उजेड मानवतो आणि महिन्यापूर्वी मीच ते समोरून छान दिसावं म्हणून वर आणलं होतं.

आता फोटो कशासाठी हवा ते पक्कं झालं. मला माझ्या डोळ्यांना जे दिसतं ते जसंच्या तसं हवं होतं, मंद तपकिरीसकट. फिल्टर पूर्ण सोडला नाही, नारिंगीच्या जागी फिकट पिवळा घेतला. तो निळा थोपवतो पण संपवत नाही, त्यामुळे सेन्सरच्या तिन्ही रंगांना काहीतरी काम मिळतं आणि ब्लू टँग निळा राहतो. वेगवेगळ्या गडदपणाचे तीन फिल्टर लावून तोच फोटो काढला आणि टँगचा निळा, टॉर्चचा हिरवा आणि अ‍ॅकॅनचा मरून हे तिन्ही एकाच फोटोत तग धरतात का एवढंच बघितलं. सगळ्यात फिकटा जिंकला.

खरी अडचण तुलना करण्याची होती. टाकी बघून लॅपटॉपकडे वळलं की पडदा पिवळट दिसतो, कारण डोळे निळ्याला सरावलेले असतात. दोन मिनिटं पडद्याकडे बघत बसलं की तो पांढरा होतो आणि मग टाकी भयंकर निळी वाटते. डोळे ज्याच्याकडे बघतात त्याचे होऊन जातात. आज एक फोटो बरोबर वाटायचा, उद्या तोच चूक.

यावर तोडगा सापडला तो रंगदृष्टीच्या प्रयोगशाळांमधला. तिथे कधी कधी दोन डोळ्यांना दोन वेगळे उजेड दाखवतात. प्रत्येक डोळा बऱ्याच अंशी आपापल्या उजेडाशी स्वतंत्रपणे जुळवून घेतो, मग दोन्हींतले रंग एकाच वेळी ताडून बघता येतात. मी लॅपटॉप टाकीच्या उजव्या कडेला लावून ठेवला, त्याचा पडदा अंधारात डोळ्यांना बोचणार नाही इतका मंद केला आणि काळ्या पुठ्ठ्याचा एक लांब तुकडा नाकाच्या शेंड्यापासून टाकी आणि पडदा यांच्यामधल्या फटीपर्यंत उभा धरला. डाव्या डोळ्याला फक्त टाकी, उजव्याला फक्त पडदा. पहिली दोन मिनिटं काही सुधरत नाही, दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात. मग डोळे स्थिरावतात. आणि मग दिसतं. टाकीतला टॉर्चचा पोपटी आणि पडद्यावरचा पोपटी शेजारी शेजारी उभे राहतात आणि पडद्यावरचा जरा जास्त पिवळा आहे हे कोणी न सांगता कळतं. उजव्या हाताने माउस, डाव्या हाताने पुठ्ठा. हिरव्याची छटा थोडी सरकवली, निळ्याची दाटी कमी केली, टेफ्लॉनची पट्टी टाकीतल्या पट्टीइतकीच निळसर होईपर्यंत थांबलो. मुलगी मागे उभी होती. तिने पुठ्ठा मागून घेतला, बराच वेळ धरून बसली आणि म्हणाली, "बाबा, टँग अजून काळा आहे. बाकी आलं." तिचे डोळे माझ्याहून तरुण आहेत, तेव्हा टँग उजळ केला.

त्या रात्री जुळलेले आकडे मी प्रोफाइल म्हणून जपून ठेवले. अडोबीचा डीएनजी प्रोफाइल एडिटर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. त्यात व्हाइट बॅलन्सची सुरुवातच सरकवता येते, इन्फ्रारेड फोटो काढणारे तो याच कामाला वापरतात. त्याने केल्विनची ती अपुरी पट्टी पुन्हा कामाची झाली. दिव्यांची रात्रीची सेटिंग तीच, फिल्टर तोच, प्रोफाइल तेच, खाचेत पट्टी तीच. आता फोटो एकमेकांशी ताडता येतात.

एक मर्यादा मात्र मान्य करावी लागली. टॉर्चमधला तो हिरवा साध्या पडद्याच्या एसआरजीबी रंगपटात मावत नाही. पडदा दाखवू शकतो त्याहून तो जास्त शुद्ध आहे. जबरदस्ती केली की बोटांवरचे सगळे बारकावे सपाट होऊन एक हिरवा ठिपका उरतो. म्हणून संपादन मोठ्या रंगपटात, प्रोफोटो आरजीबीत, १६ बिटांत करतो आणि शेवटी एसआरजीबीत आणताना हिरव्याची दाटी हाताने उतरवतो, बोटांवरच्या रेघा परत दिसेपर्यंत. चमक थोडी कमी होते. रेघा राहिलेल्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

फोटो काढण्याच्या कामातल्या बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. काच आतून-बाहेरून स्वच्छ हवी, मॅग्नेटने पुसून गुलाबी कोरलाइन शेवाळाचे ठिपके पात्याने खरवडून काढावेत, आणि मग तासभर थांबावं, नाहीतर उडालेला गाळ निळ्या उजेडात चांदण्यांसारखा येतो. लेन्स काचेला काटकोनात असावी. तिरकं धरलं की पाणी आणि काच मिळून प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळवतात आणि कडा फाटतात. खोलीतले दिवे बंद, अंगात गडद कपडे. वेव्ह मेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, बंद करून पाच मिनिटं थांबलं की बोटं स्थिर होतात. पंप परत सुरू करायचा गजर मी त्याच क्षणी लावतो, कारण फोटोच्या नादात एकदा अर्धा तास गेला होता आणि टाकीतल्या जिवांना प्रवाह म्हणजे श्वास.

फोकसबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं. कॅमेरा निळ्या उजेडात फोकस शोधत पुढे-मागे घुटमळतो आणि बरेचदा चुकीच्या जागी थांबतो. वेगवेगळे रंग लेन्समधून थोड्या वेगवेगळ्या अंतरावर एकवटतात. मी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट चित्रात, दहा पट मोठं करून हाताने फोकस करतो, आणि ते करताना फिल्टर लावलेलाच ठेवतो. आधी फिल्टरशिवाय फोकस करून मग फिल्टर लावायचो, तेव्हा फोटो मऊ यायचे आणि कितीतरी दिवस मी दोष ट्रायपॉडला देत होतो. एफ/८, आयएसओ ४०० ते ८००, शटर १/६० च्या आसपास. शटर फार जलद केलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. एलईडी मंद करताना बरेच दिवे खरं तर मंद होत नसतात, सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होत असतात आणि जलद शटर ती उघडझाप पकडतो. कोरलसाठी १/६० पुरतो. माशांसाठी नाही. त्यामुळे टँगचे चांगले फोटो फार थोडे आहेत, तो वळायच्या क्षणी थबकतो तेवढेच.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी अ‍ॅकॅनचे दोन फोटो काढतो. एक रात्रीच्या निळ्या उजेडात, या सगळ्या पद्धतीने, आणि एक पांढरा चॅनेल वाढवून, फिल्टरशिवाय, त्याच पट्टीवरून साधा व्हाइट बॅलन्स घेऊन. पांढऱ्यात अंगाचा रंग कळतो, निळ्यात चमक कळते. दोन्ही एकाच ओळीत ठेवतो.

सावलीत नेल्यानंतरच्या पहिल्या महिन्याच्या जोडीत काहीच फरक नव्हता. दुसऱ्या महिन्यात निळा फोटो आधीपेक्षा मंद आला. मुलगी हिरमुसली, तिला वाटलं कोरल खालावतंय. मी पांढरा फोटो उघडून मोठा केला. डाव्या कडेच्या ज्या भागात सांगाड्याच्या पाती मोजता येत होत्या, तिथे त्या आता धूसर झाल्या होत्या आणि त्यांच्यावरून तपकिरी रंगाची पातळ साय पसरली होती. शेवाळ परत येत होतं, म्हणून चमक उतरत होती. तिसऱ्या महिन्यात पाती दिसेनाशा झाल्या. चौथ्या महिन्याच्या निळ्या फोटोत, अ‍ॅकॅनच्या गादीवर, बाहेरच्या कडेने मरून रंगाची एक बारीक रेघ होती. मी टाकीपाशी जाऊन बघितलं. होती. रोज समोर बसूनही मला ती दिसली नव्हती.

मित्राला दोन्ही फोटो पाठवले. त्याने या वेळी कोरल की फोटो असं विचारलं नाही. म्हणाला, "अजून दोन महिने हलवू नकोस तिथून."